आखणी करणारा हात आणि बँकेचा हप्ता

श्रावण लागला की सांगली-मिरजेच्या गणपती कारखान्यांत कला महाविद्यालयांतली मुलं दिसू लागतात. अंगाचा रंग कुणीही मारतो. डोळ्यांची आखणी मात्र हात बसलेल्याकडेच जाते. श्वास धरून भुवई, मग पापणी, मग बुबुळ. रेघ हलली तर मूर्तीचा चेहराच बदलतो. मजुरी नगावर. रात्री जागून मिळालेले पैसे कागद-रंगांत जातात, फी उरतेच.

फीसाठी मग बँक. ४ वर्षांच्या बी.एफ.ए.साठी (ललित कलेची पदवी) दरवर्षी ७५ हजार, म्हणजे ३ लाखांचं कर्ज धरू. व्याज १० टक्के. शिकत असताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो. इथंच घरोघरी गैरसमज होतो. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. दरवर्षीच्या ७५ हजारांवर ते उचलल्यापासून सरळव्याजानं एकूण १ लाख ५ हजार चढतात आणि हप्ते सुरू होतात ते ४ लाख ५ हजारांवर. ७ वर्षांत फेडायचे तर महिना साधारण ६,७०० रुपये. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेत तारण लागत नाही, जमीन वाचते. पण सहकर्जदार म्हणून सही आई किंवा वडिलांची असते. हप्ते थकले की त्यांचंही सिबिल, म्हणजे बँकेतली पत, बिघडतं, आणि पुढं ट्रॅक्टरच्या कर्जाला गेलं की ते आडवं येतं.

हे ६,७०० आणायचे कुठून? आधीच्या पिढीचा मार्ग ठरलेला होता. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका करायची, शाळेत ड्रॉइंगचे सर व्हायचं. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला कला शिकवणारा 'अंशकालीन निदेशक', म्हणजे अर्धवेळ शिकवणारा आहे, तोही पट १०० च्या वर असेल तर. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सनं नेल्या. उपयोजित कला शिकलेल्यांना पुण्या-मुंबईत काम मिळतं. पगाराआधी खोलीभाडं आणि डिपॉझिट उभं राहतं.

साताऱ्याच्या औंधात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारलं. राजा स्वतः चित्रकार. तिथं रविवर्म्यांची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे. आमच्याकडची मुलं तिथं तासन्‌तास स्केच करत बसतात, आणि बसावंच. पण तेव्हा कलेचा भार संस्थानानं उचलला होता. आज तो एका शेतकऱ्याच्या सहीवर आहे, आणि सही करताना त्याच्यापुढं एकही आकडा नसतो.

अमेरिकेत सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड'वर कॉलेज आणि अभ्यासक्रम निवडला की पदवीधरांची मधली कमाई (निम्म्यांची त्याहून जास्त, निम्म्यांची कमी) आणि तसंच मधलं कर्ज दिसतं. तिथं ललित कलेचाही वेगळा आकडा मिळतो. आपल्याकडे केंद्राच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीत, एनआयआरएफमध्ये उतरलेल्या संस्था पगार कळवतात, पण तो प्लेसमेंट मिळालेल्यांचा. स्वतःच्या खोलीत पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेणारी मुलगी, आखणी करणारा मुलगा त्यात बसतच नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कला महाविद्यालयानं फीच्या तक्त्याशेजारी मागच्या पाच तुकड्यांचा तक्ता लावावा. कलेवर किती जण जगतात, किती शिकवतात, किती जणांनी दुसरंच काम धरलं, तिसऱ्या वर्षी महिन्याला हातात काय येतं, कर्ज किती बाकी आहे. नावं नकोत. माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच, तिथं विचारता येईल. फक्त हा तक्ता सीईटीचे फॉर्म भरायच्या आधी भिंतीवर लागायला हवा.