थायरॉइडची गोळी चालू, तरी थकवा का?

श्रोतेहो, नमस्कार. "गोळी रोज घेते, तरी अंगात त्राण नाही." थायरॉइड कमी असलेल्या कितीतरी जणी हे सांगतात. आठ तास झोपूनही सकाळी अंग जड, जिना चढायचा म्हटलं की पाय ओढावे लागतात.

थायरॉइड ग्रंथीचा संप्रेरक, म्हणजे हार्मोन, कमी पडला की शरीराची ऊर्जा वापरण्याची गतीच मंदावते. म्हणून थकव्याच्या जोडीला थंडी वाजते, पोट साफ होत नाही, पाळीत अंगावरून जास्त जातं. आणि जास्त गेलं की लोह कमी होतं, म्हणजे थकव्यात आणखी भर.

गोळीचा डोस वाढवण्याआधी ती कशी घेता ते पाहा. उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी, नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. घोळ बहुधा इथंच होतो: चहाचं आधण ठेवलं, गोळी तोंडात टाकली, आणि पाठोपाठ लोहाची किंवा कॅल्शियमची गोळीही उरकून घेतली! लोह, कॅल्शियम आतड्यात या औषधाला धरून ठेवतात, ते रक्तात नीट उतरतच नाही. मग रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की चढणारा आकडा, वाढतं आणि डोस कमी पडतोय असं वाटतं. या दोन गोळ्या चार तासांनंतरच घ्या. दुपारच्या जेवणाशी जोडल्या की विसरत नाहीत.

डोस बदलला तर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे दहा दिवसांत केलेली तपासणी फुकट जाते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडे चुकीचे येऊ शकतात.

टीएसएच प्रौढांत साधारण ०.४ ते ४ असतं. ते आटोक्यात असूनही थकवा असेल, तर कृपा करून मनाने डोस वाढवू नका; छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि साखर तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, रिकामा असू शकतो. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं होत असेल तर तेही सांगा.

आणि पाळी चुकून दिवस राहिले असतील, तर गोळी बंद करू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, कारण गरोदरपणात बहुतेकींना डोस वाढवून लागतो.