पिसाला कोण मासा फसणार?

[दृश्य: सकाळ. पोफळींच्या सावलीतून वाहणारा ओहळ.]

जानेवारी महिना. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, माझ्या मामांच्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, लागून वाहणारा हा ओहळ पुढे म्हादई नदीला मिळतो. पावसात याच्या काठाला उभं राहायची सोय नसते. आता पाणी जेमतेम घोट्यापर्यंत, आणि तळातला दगडन् दगड दिसतोय.

मामा गरी घेऊन बसलेत. डब्यात गांडुळं. मी त्यांना सांगत होतो, थंड देशांत लोक कोंबड्याच्या मानेचं पीस बारीक गरीला दोऱ्याने गुंडाळतात आणि त्यावर ट्राउट नावाचा मासा धरतात.

मामा म्हणाले, "पिसाला कोण मासा फसणार?"

[दृश्य: दगड उलटा करणारे हात. खालची ओली बाजू.]

उत्तर या दगडाखाली आहे. ही चपटी, दगडाला चिकटून सरकणारी, मागे तीन शेपट्या असलेली अळी पाहा. पोटाच्या दोन्ही बाजूंना थरथरतात ते तिचे कल्ले. ही मेफ्लाय. हिचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली जातं. मग एक दिवस ती वर येते, कात टाकते आणि पंख पसरते. पण पंख धुरकट असतात. म्हणून पुन्हा एकदा कात टाकायची. पंख फुटल्यावरही कात टाकणारा दुसरा कीटक आज जगात नाही. शेवटच्या रूपात तिला खाता येत नाही, तोंड नावापुरतंच उरतं. काही तास, फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि पाण्यावर पडायचं.

ट्राउट हिला प्रत्येक रूपात खातो. म्हणून गरी बांधणाराही प्रत्येक रूपाची वेगळी नक्कल करतो. तळातल्या अळीची नक्कल जड, बुडणारी. पंखवालीची हलकी, तरंगणारी.

[दृश्य: वाळूच्या कणांची नळी, तिच्या टोकाशी हलणारं डोकं.]

माझी लाडकी मात्र ही. कॅडिसफ्लायची अळी. तोंडाजवळून रेशीम काढते, वाळूचा कण न् कण चिकटवते आणि स्वतःभोवती घर बांधते. गवंड्याने लाजावं असं काम! हिच्याच काही भावंडांना घर बांधायचा कंटाळा. ती दोन दगडांच्या फटीत रेशमाचं जाळं लावतात आणि वाहून येईल ते खातात. म्हणजे मामांच्या आधीपासून इथे कोणीतरी मासेमारीसारखंच काही करत बसलंय.

स्टोनफ्लाय, दोन शेपट्यांची, खळाळत्या पाण्यात कधीतरी सापडते. चतुराची अळी खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून शिकार पकडते. शिवाय चिलटांच्या अळ्या, गोगलगायी, झाडावरून पडणाऱ्या मुंग्या, नाकतोडे. ट्राउटच्या ताटात यातलं काहीही चालतं.

[दृश्य: दगड परत त्याच जागी, त्याच बाजूने ठेवला जातो.]

दगड होता तसाच ठेवायचा. आणि अभयारण्याच्या हद्दीत हे उद्योग करायचेच नाहीत.

गोव्यात ट्राउट नाही, होणारही नाही. त्याला थंडगार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. आपलं पाणी त्याला कढत वाटेल. भारतात तो इंग्रजांनी काश्मीर आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडला. पण ताटातले पदार्थ बरेचसे तेच, खाणारे फक्त वेगळे. इथल्या ओहळातला डॅनिओसारखा बोटभर मासाही पृष्ठभागावरचे किडे टिपतो.

[दृश्य: संध्याकाळ. ओहळावर वरखाली नाचणारा मेफ्लायचा थवा.]

सूर्य डोंगराआड गेला की नर मेफ्लाय असे हवेत वरखाली नाचतात. एक माशी पाण्यावर टेकली. खालून टपकन् तोंड आलं. एक वर्तुळ उमटलं, आणि माशी नाही.

मामांनी गांडुळांच्या डब्याचं झाकण लावलं.

"परसात कोंबडा आहे बघ," ते म्हणाले, "त्याचं एक पीस घेऊन ये."