टक्क्यावरचा वकील

(दृश्य: सोलापूर-पुणे महामार्ग, पहाट)

इंदापूरजवळ एका कारने दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचा माणूस मोहोळचा, वय 32, फरशी बसवणारा कारागीर. मागे बायको, दोन मुलं आणि आई. हे कुटुंब आपण उदाहरणादाखल धरलंय. शवागाराबाहेर भावाच्या हातात कार्ड सरकवणारा माणूस मात्र अगदी खरा असतो. "दादा, काळजी सोडा. वकील आपलाच आहे. आत्ता एक रुपया देऊ नका. क्लेम आला की पंचवीस टक्के."

वकिलाने जाहिरात करू नये, दलालामार्फत पक्षकार गोळा करू नयेत, असा बार कौन्सिलचा नियम आहे. दवाखान्यात माणूस पाठवणारा वकील पहिल्याच दिवशी तो मोडून आलेला असतो.

मग वकील शोधायचा कुठे? अपघात पुणे जिल्ह्यात झाला म्हणून पुण्याचाच वकील हवा, असं नातेवाईक सांगतात. गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे अर्जदार जिथे राहतो, तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. मोहोळ सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरात. दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. तारखेला सकाळची एसटी धरून संध्याकाळी घरी परतता येणं ही लहान गोष्ट नाही. फक्त उशीर नको. एप्रिल 2022 पासून कायद्यात अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आहे.

(दृश्य: रेक्झिनची पिशवी, टेबलावर एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल)

ही कागदपत्रं कुठलाही वकील मागेल. जाणकार वकील पुढचं विचारतो: "महिन्याला कमावत किती होते? आणि ते सिद्ध कशावरून करायचं?"

सगळा खेळ इथे आहे. समजा कमाई 20,000 रुपये सिद्ध झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांनी ठरलेलं सूत्र असं: चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, चार जण अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, वर्षाचा हिशोब करून 32 व्या वर्षासाठी 16 ने गुणायचं. होतात 40 लाख 32 हजार. पुरावा नाही म्हणून कमाई 12,000 च धरली, तर 24 लाख 19 हजार. माणूस तोच, अपघात तोच. वकिलाने ठेकेदाराची हजेरीवही आणली का, फोनवर जमा झालेल्या पैशांच्या नोंदी काढल्या का, ठेकेदाराला साक्षीला उभं केलं का, यावर सोळा लाख इकडचे तिकडे होतात.

असा वकील ओळखायचा तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. त्याचे अपघाताचे दावे किती आणि कुठपर्यंत आलेत ते दिसतं. त्याहून सरळ उपाय: एक दिवस न्यायाधिकरणात मागच्या बाकावर जाऊन बसा. उलटतपासणी कोण करतं आणि नुसती पुढची तारीख कोण घेतं, हे कायदा न शिकताही कळतं.

आता फी. निकालाच्या रकमेतला टक्का ठरवणं वकिलाला मुळात मनाई आहे. तेलंगणातल्या एका महिलेच्या पतीच्या अपघाताच्या भरपाईतून वकिलाने असाच हिस्सा मागितला, चेक लिहून घेतला, आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच खटला भरला. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. तरी टक्का चालतोच, कारण घरातला कमावता गेल्यावर रोख फी आणायची कुठून? म्हणून हप्त्यांत ठराविक रक्कम बोलून घ्या, पावती घ्या, कोऱ्या चेकवर सही करू नका.

(दृश्य: न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय)

मोहोळच्या त्या बायकोला तर फी देण्याचीही गरज नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. मोफतचा वकील लक्ष देत नाही, ही तक्रार आहेच, कधी कधी खरीही असते. पण तो बदलून मागण्याचा अर्ज त्याच कार्यालयात करता येतो. फोनवर विचारायचं असेल, तर क्रमांक 15100.