वाघ्या घेवड्याचं रात्रीचं कुलूप

(कोरेगावात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, प्रकाशसंश्लेषणातल्या साखर करायच्या टप्प्याला मी वर्षानुवर्षं फळ्यावर ‘अंधारातील अभिक्रिया’ असं लिहीत आलो. पोरांनी तेच वहीत उतरवलं, पेपरात तेच लिहून मार्क मिळवले. नाव साफ फसवं आहे. कार्बन डायऑक्साइड पकडून साखर करायचं काम अंधार पडला की बंद होतं. आणि नुसतं मंदावत नाही, झाड त्याला कुलूप घालतं.

आपला वाघ्या घेवडाच घ्या. ज्या प्रजातीतला राजमा, त्याच प्रजातीतला हा. त्याच्या पानात हवेतला कार्बन पकडतं ते रुबिस्को नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. कामाला भलतं मंद, सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू. म्हणून झाड त्याची फौजच पाळतं. आता ही फौज रात्री मोकळी कशी सोडायची? या प्रजातीत अंधार झाला की एक खास रेणू साठतो. दिसायला साखरेच्या जवळचा, पण रुबिस्कोच्या तोंडात बोळ्यासारखा बसतो. बटाट्यातही हेच. गव्हात मात्र हा रेणू अगदी थोडा. सकाळी उजेड झाला की रुबिस्को ॲक्टिव्हेज नावाचं दुसरं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, खर्चून तो बोळा उपसून काढतं.

साखर घडवायच्या पुढच्या पायऱ्यांवरच्या काही एन्झाइमांचं कुलूप वेगळं आहे. रात्री त्यांच्यात गंधकाच्या दोन अणूंची गाठ बसलेली असते. दिवसा हरितद्रव्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन आधी फेरेडॉक्सिन, मग थायोरेडॉक्सिन अशा प्रथिनांच्या हातोहात येतात आणि गाठ सोडवतात. शिवाय हे सगळं जिथं चालतं त्या हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणाच्या, आतला सामू (पीएच) ७ वरून ८ कडे सरकतो, मॅग्नेशियम वाढतं. रुबिस्कोला दोन्ही लागतं. गंमत म्हणजे साखर मोडणाऱ्या एका एन्झाइमाचं उलटं आहे : गाठ सुटली की ते थंड पडतं. घडवणं नि मोडणं एकदम चाललं तर विहिरीचं पाणी उपसून परत विहिरीतच सोडल्यासारखं होईल.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीला लाईट रात्रीची, घेवड्याला दिवसाची. (हशा)

‘मग निवडुंग रात्री कार्बन घेतो म्हणतात, ते कसं?’ असं मागून कुणी तरी विचारलं. बरोबर आहे. अंगणातली पानफुटीही तेच करते. रात्री पर्णरंध्रं उघडून वायू आत घेते, पण साखरेचा कारखाना बंद, म्हणून मॅलिक आम्ल करून ठेवते. दिवसा रंध्रं मिटून आम्ल मोडते आणि कार्बन रुबिस्कोच्या हाती देते. हिंदुस्थानात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानं चाखून हे टिपलं होतं : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडसर. त्याचं टिपण १८१५ साली लंडनमध्ये छापलं गेलं.

कुंडी मी सोबत आणलीय. पानाचा तुकडा जिभेला लावायचा, गिळायचा नाही. आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत, तेव्हा आंबट लागणार नाही. ज्याला आंबट हवंय त्यानं उद्या सकाळी उजाडताच आमच्या अंगणात या.