दवबिंदूवर फोकस बसेना

[काळा पडदा. फक्त लेन्सच्या मोटरचा आवाज.]

झूंऽऽ. थांबली. परत झूंऽऽ.

ऐकताय ना? कासच्या पठारावर सप्टेंबरात भुंग्यांना तोटा नसतो, पण हा भुंगा माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलेला आहे. शटर अर्धं दाबलं की लेन्स पार लांबच्या टोकाला जाते, तिथून वळून अगदी जवळच्या टोकाला येते. मधे कुठेतरी माझं रोपटं तिला ओझरतं दिसतं, आणि एक्स्प्रेस गाडीनं छोटं स्टेशन टाकून पुढं निघून जावं तशी ती निघून जाते. फोटोग्राफर मंडळी याला 'हंटिंग' म्हणतात. वीस मिनिटं झाली, शिकार चालू आहे. हाती काही नाही.

[दृश्य: धुक्यातलं पठार. काळा जांभा, त्यावर फुलांचे पट्टे.]

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटरवर कास. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १२०० मीटर. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यात हे पठार आहे. खाली जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर, कुठे कुठे तर बोटाच्या पेराएवढाही नाही. अशा मातीत झाड मोठं होणार कसं? म्हणून इथली बरीचशी फुलं बुटकी, जमिनीला धरून. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, मिकी माऊसचं तोंड घेऊन बसलेली पिवळी स्मिथिया. आणि मातीत नत्र कमी म्हणून किडे खाऊन पोट भरणारी 'दवबिंदू', म्हणजे ड्रॉसेरा.

आज मला ती हवी आहे. पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. थेंब मोहरीच्या दाण्याहूनही बारीक.

[दृश्य: पायवाट. निवेदिका उकिडवी बसलेली, शेजारी कॅमेऱ्याची पिशवी.]

रोपटं पायवाटेपासून हातभर आत आहे. मी अंगठा पुढं सरकवला मात्र, मागून आवाज आला.

"ओ ताई, पाय म्हागं घ्या. गवात न्हाई त्ये, फुलं हायती."

राखणीवर असलेल्या मावशी. हातात काठी, डोक्यावर इरलं नाही तर प्लॅस्टिकचा कागद. त्यांचं बरोबर आहे. एका बुटाखाली काय काय जातं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून तर टेलिकन्व्हर्टर आणला होता.

[दृश्य: तळहातावर टेलिकन्व्हर्टर. नंतर तो बॉडी आणि लेन्सच्या मधे बसतो.]

माझी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणारी लेन्स १०० एमएमची, एफ २.८. हा एफचा आकडा लेन्सच्या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा: आकडा वाढला की भोक लहान, उजेड कमी. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपलं जातं त्या पटलावर, फूल त्याच्या खऱ्या आकाराएवढं उमटवायचं, म्हणजे एकास एक, तर लेन्सचं तोंड फुलापासून वीतभराहूनही जवळ न्यावं लागतं. तेवढं वाकायचं म्हणजे आत जाणं आलं. टेलिकन्व्हर्टर हा बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारा भिंगांचा डबा. २ एक्सचा लावला की १०० ची लेन्स २०० ची होते, आणि गंमत अशी की ती जास्तीत जास्त जेवढी जवळ फोकस करू शकते ते अंतर बदलत नाही. म्हणजे तेवढंच अंतर ठेवून दुप्पट मोठं काढा, नाहीतर तेवढाच आकार जरा लांबून काढा. एक्स्टेन्शन ट्यूबचं काम उलटं. तिच्यात भिंग नसतं, नुसती पोकळ नळी, आणि ती तुम्हाला फुलाच्या आणखी जवळ ओढते. कासवर जवळ जाण्याचीच तर चोरी. म्हणून कन्व्हर्टर.

पण हा डबा फुकट काही देत नाही. १.४ एक्स एक स्टॉप उजेड खातो, म्हणजे निम्मा; २ एक्स दोन स्टॉप, म्हणजे पाऊणभर. माझी एफ २.८ ची लेन्स आता एफ ५.६ ची झाली.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पाणी मुरतं ते पुढं. मॅक्रोत जितकं जवळ जाल तितकी लेन्स आणखी अंधारी होत जाते. ढोबळ हिशेब असा: अ‍ॅपर्चरच्या आकड्याला '१ + मोठेपणा' एवढ्याने गुणायचं; मोठेपणा म्हणजे वस्तू खऱ्या आकाराच्या किती पट उमटते ते. नुसती लेन्स एकास एकवर असेल तर २.८ चे ५.६ होतात. निकॉनच्या १०५ एमएम मॅक्रोवर हे डोळ्यांना दिसतं. जवळ जाताना बॉडीवरचा आकडा २.८ वरून सरकत ४.८ पर्यंत जातो. कॅननची बॉडी मात्र शेवटपर्यंत २.८ च दाखवते, त्यामुळे अनेकांना वाटतं की काही झालंच नाही. झालेलं असतं.

आता माझा हिशेब मांडते. कन्व्हर्टर लावून एकास एक हवं, म्हणजे लेन्सने तिच्या बाजूनं निम्मा आकार द्यायचा. २.८, दोनदा, आणि वर दीडपट. उत्तर ८.४. लेन्सवर लिहिलंय २.८, कन्व्हर्टरची जाहिरात सांगते ५.६, आणि सेन्सरपर्यंत पोचतंय ते आठच्याही पलीकडचं.

[दृश्य: जुन्या डीएसएलआरचा आरसा वर-खाली होतो. हाताने काढलेली आकृती: लेन्सच्या दोन कडांतून येणाऱ्या दोन रेषा.]

मग काय झालं, उजेड कमी तर कमी, असं कुणी म्हणेल. दुखणं नुसतं उजेडाचं असतं तर उन्हात बरं झालं असतं. माझी बॉडी जुनी डीएसएलआर. तिच्या आरशातून थोडा उजेड खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे जातो. तो सेन्सर लेन्सच्या एका कडेतून आणि समोरच्या कडेतून असं दोन्हीकडून बघतो. दोन चित्रं जुळली की फोकस बसला. जुळली नाहीत तर किती आणि कुठल्या बाजूला चुकलंय तेही त्याला लगेच कळतं. आपल्या दोन डोळ्यांसारखंच. पण या दोन डोळ्यांमधलं अंतर ठरलेलं आहे, बहुतेक बॉड्यांत एफ ५.६ च्या मापाचं, काहींमध्ये मधल्या बिंदूला एफ ८ चं. भोक त्याहून अरुंद झालं की काय होतं? दाराच्या फटीला दोन्ही डोळे लावून बघा. नाही बघता येत. एकच डोळा लावावा लागतो, आणि एका डोळ्यानं सुईत दोरा ओवायला गेलं की जे होतं तेच माझी लेन्स आज करते आहे.

अ‍ॅपर्चर लहान-मोठं करूनही फरक पडत नाही, कारण फोकस करताना लेन्सच्या पात्या पूर्ण उघड्याच असतात. मी एफ १६ ठेवो की एफ ८, त्या सेन्सरला काही घेणंदेणं नाही.

काही बॉड्या प्रामाणिक असतात. कन्व्हर्टर सांगतो की आता आपण एफ ८ आहोत, आणि बॉडी सरळ म्हणते, मग मला जमणार नाही. माझा कन्व्हर्टर स्वस्तातला, बॉडीला काहीच कळवत नाही. तिला वाटतं पुढं अजून २.८ चीच लेन्स आहे, म्हणून ती बिचारी राबत राहते. कॅननच्या जुन्या एक्स्टेंडरच्या (कॅनन कन्व्हर्टरला हेच नाव देते) तीन पिनांवर चिकटपट्टी लावून लोक हेच मुद्दाम करायचे. लांबच्या पक्ष्याला, भर उन्हात, कधीकधी चालूनही जायचं. थेंबाला नाही चालत.

[दृश्य: धुकं दाट होतं. चौकटीत नुसता पांढुरका पडदा.]

त्यात हे धुकं. फोकस सेन्सरला रेघ लागते, कड लागते. स्मिथियाच्या पिवळ्यावर लाल ठिपके आहेत, तिथं तो दोन सेकंद रेंगाळतो तरी. धुक्यात सगळंच दुधात कालवल्यासारखं. वारा वेगळाच. एकास एक आकारात, उघड्या अ‍ॅपर्चरला, नीट दिसणारी खोली असते अर्धा मिलिमीटर. पोस्टकार्ड दुमडलं तर तेवढी जाडी होईल. वाऱ्याची एक झुळूक रोपट्याला त्याच्या वीसपट हलवते.

"इजंरी देऊ का?" मावशींनी विचारलं. विजेरी म्हणजे त्यांच्या मोबाइलचा टॉर्च. त्यांनी पायवाटेवरूनच हात लांब करून उजेड पाडला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये लख्ख दिसायला लागलं. मला. फोकस सेन्सरला नाही. उजेड वाढला, फट तेवढीच राहिली. झूंऽऽ.

[दृश्य: लेन्सच्या बाजूची बटणं. अंगठा एक बटण सरकवतो.]

काय काय करून पाहिलं ते सांगते. लिमिटरचं, म्हणजे लेन्सनं किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण जवळच्या टप्प्यावर ठेवलं. लेन्स निदान डोंगरापलीकडे जायची थांबली, इथल्या इथं घुटमळायला लागली. २ एक्स काढून १.४ एक्स लावला. तो बॉडीशी नीट बोलतो, आणि हिशेबही सुधारतो: एफ ४ ची दीडपट, सहा. ५.६ च्या कुंपणाच्या जरासंच बाहेर. दहातले तीन-चार वेळा फोकस बसला, पण आकार कमी पडला. लाइव्ह व्ह्यू लावला. तिथं आरसा बाजूला होतो आणि कॅमेरा प्रत्यक्ष चित्राचीच धार बघून फोकस करतो, त्याला फटीचं बंधन नाही. हे अचूक असतं, पण माझ्या बॉडीत इतकं सावकाश की फोकस बसेपर्यंत वारा दोनदा येऊन जातो. मोटर मुळातच हळू चालणं हा मात्र दोष समजू नका. कॅननचे ईएफ एक्स्टेंडर लावले की बॉडी फोकसचा वेग मुद्दाम निम्मा करते, २ एक्सला पाव. घाईत चुकण्यापेक्षा बरं.

नव्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या बॉड्यांना हा त्रास बराच कमी. फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, आणि २०२० च्या कॅनन आर ५ सारख्या बॉड्या एफ २२ च्या लेन्सवरही फोकस धरतात. २०२१ ला त्यांचीच १०० एमएमची आरएफ मॅक्रो आली, ती कन्व्हर्टरशिवाय १.४ पट जाते. आणि तिला कंपनीचा कन्व्हर्टर बसतच नाही! पण अर्धा मिलिमीटर तिथंही अर्धा मिलिमीटरच. माझ्या बजेटमध्ये सध्या तरी जुनी बॉडी आणि १.४ चा नवा डबा एवढंच आहे.

[दृश्य: लेन्सवरचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर. आवाज बंद. पहिल्यांदाच पठाराचा आवाज ऐकू येतो.]

शेवटी ऑटोफोकस बंद केला आणि २ एक्स परत चढवला. रिंग फिरवून आकार ठरवला आणि मग रिंगेला हातच लावला नाही. फोकस आता पाठीच्या कण्यात. कॅमेरा धरून, कोपर गुडघ्यावर टेकवून, सावकाश पुढं झुकायचं, मागं यायचं. जात्यावर बसलेली बाई झुलते ना, तसं, फक्त मिलिमीटरांत. थेंब धारदार होतोय असं वाटायच्या आधीच बटण दाबायचं, आणि दाबून धरायचं. डोळ्यानं खात्री करून मग दाबाल तर थेंब निघून गेलेला असतो.

कॅमेऱ्याखाली टेकायला धान्याची पिशवी घेते मी. मागच्या पावसाळ्यात तिच्यात मटकी भरली होती. तिसऱ्या दिवशी मोड आले, आणि पिशवीची मिसळ झाली. तेव्हापासून तांदूळ.

पात्या फार बंद केल्या नाहीत. सेन्सरपाशी आधीच आठच्या वरचा आकडा आहे. आणखी दोन स्टॉप खाली गेलं की सोळाच्या पुढं, खोली मिळते जेमतेम मिलिमीटरभर. त्याहून बारीक केलं की उजेड कडांवर पसरतो आणि सगळंच मऊ पडतं. लोक मग कन्व्हर्टरला शिव्या घालतात.

[दृश्य: धुकं फाटतं. पानावर तिरपं ऊन. थेंब एकेक करून पेटतात.]

ऊन चार-पाच मिनिटं आलं. सत्तावीस फ्रेम घेतल्या. सव्वीसमध्ये पुढचं पान, मागचं पान, नाहीतर नुसतं लाल काहीतरी.

एका फ्रेममध्ये थेंब मऊच आला आहे. पण त्याच्या मागं, केसांत अडकलेला एक एवढासा पाय, त्यावरची लव मोजता येईल इतका शार्प. व्ह्यूफाइंडरमध्ये मला तो दिसलाही नव्हता.

मावशींनी मागच्या पडद्यावर वाकून बघितलं.

"अगं बया, ह्येनं डास धरलाय की!"

मग त्यांनी रोपट्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"आमच्या घरी एक लावाया पायजे."

[दृश्य: धुकं परत येतं. पायवाट. मावशींची काठी लांब जाताना दिसते.]