पित्ताशयातला पॉलिप आणि कमरेचा घेर

श्रोतेहो, नमस्कार.

पोट दुखतं म्हणून, नाहीतर कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर एक ओळ येते: पित्ताशयात पॉलिप, चार मिलिमीटर. मग घरात कुणाला झोप नाही. मोबाईलवर शोधता शोधता माणसं थेट कॅन्सरपर्यंत पोचतात. तर आधी हे ऐका. मोठ्या माणसांच्या सोनोग्राफीत शंभरातल्या साधारण पाच जणांना असा पॉलिप दिसतो, आणि त्यातले बहुतेक कोलेस्टेरॉलचे असतात. पित्ताशयाच्या आतल्या अस्तरात कोलेस्टेरॉल साचून पिवळसर उंचवटा येतो, तो हा पॉलिप. पुन्हा सांगतो, बहुतेक पॉलिप कोलेस्टेरॉलचेच.

याचा पोटातल्या चरबीशी संबंध आहे म्हटलं की समोरचा माणूस म्हणतो, "डॉक्टर, पण मी कुठे जाड आहे?" याचं उत्तर पुण्यात सापडतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं. लांबलचक प्रबंध नव्हे, दोघांचे शेजारी शेजारी फोटो आणि खाली चार ओळी. उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा म्हणजे बीएमआय. दोघांचाही बीएमआय 22.3. वजनकाट्यावर उभे केले तर दोघेही अगदी छान, कुणी त्यांना जाड म्हणणार नाही. मग दोघांच्या शरीरातली चरबी खास एक्स-रे यंत्रावर मोजली. युडकिनसाहेबांची निघाली 9.1 टक्के. आणि आपल्या याज्ञिकसरांची? 21.2 टक्के! बीएमआय तोच, चरबी दुपटीहून जास्त.

खालचा मजकूर तर मला फार आवडतो. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यासाठी धावणं, असं त्यांनी स्वतःच छापलंय. एवढा मोठा संशोधक स्वतःचं शरीर पुरावा म्हणून जगासमोर ठेवतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण त्याच मजकुरात आणखी एक गोष्ट आहे, ती नीट ऐका. जन्मताना याज्ञिकांचं वजन कमी होतं आणि त्याचाही इथे संबंध असू शकतो, असं तिथे म्हटलंय.

हे त्यांनी उगाच लिहिलं नव्हतं. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून त्यांच्या चमूने गरोदर बायकांचा आणि बाळांचा अभ्यास चालवला होता. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे दिसायला हडकुळं बाळ, आणि चरबीचा वाटा जन्मापासून मोठा.

हे सांगताना मला दर वेळी वाटतं, घरातल्या गरोदर सुनेने सगळ्यांची पंगत उठल्यावर उरलंसुरलं खायचं, ही पद्धत आता बंद झाली पाहिजे. तिच्या ताटात पालेभाजी, डाळ, दूध, फळ पहिल्यांदा पडायला हवं. विषय पित्ताशयाचा आहे, पण हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

तर मोठेपणी शरीरातली ही जास्तीची चरबी आतड्यांभोवती साचली की तिच्यातली स्निग्धाम्लं रक्तवाहिनीतून थेट यकृतात जातात. तिथे इन्सुलिनचं काम नीट होईनासं होतं आणि यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडू लागतं. ते सगळं पित्तात विरघळून राहत नाही. काही अस्तरात शिरतं, तिथल्या पेशी ते गिळून फुगतात आणि पॉलिप दिसतो. कोरिया, चीन, तैवानमध्ये हजारो लोकांच्या तपासण्यांवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत कमरेचा मोठा घेर, यकृतावरची चरबी, रक्तात वाढलेली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी आणि पॉलिप एकत्र आढळलेत. प्रत्येक अभ्यासात नाही. सगळे रिपोर्ट उत्तम असलेल्यालाही पॉलिप असू शकतो.

म्हणून वजनाबरोबर कंबर मोजा. शिवणकामाची टेप घ्या, श्वास सोडा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांनी 80 च्या आत. पुरुष 90, बायका 80. सोबत उपाशीपोटी साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स पाहा.

कंबर कमी केली की आहे तो पॉलिप विरघळेलच, असं नाही. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका मात्र नक्की उतरतो. पण उपासतापास करून महिन्यात दहा किलो उतरवायला जाऊ नका, झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होतात. आठवड्याला अर्धा किलो पुरे. आणि तेल-लिंबू पिऊन पित्ताशय 'साफ' होत नाही.

पॉलिप दहा मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर प्रकृती पाहून पित्ताशय काढायचा सल्ला देतात. सहा ते नऊमध्ये वय साठीपुढे असेल किंवा पॉलिप रुंद बुडाचा असेल, तर धोका जास्त. युरोपातल्या डॉक्टरांच्या नियमावलीत आशियाई वंशही जोखमीत धरलाय, म्हणून सहा किंवा जास्त असेल तर सर्जनना भेटाच. त्याहून लहान असेल तर सहा महिन्यांनी, एका वर्षाने आणि दोन वर्षांनी सोनोग्राफी. शक्यतो त्याच केंद्रात करा आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या. मोजणाऱ्याचा हात बदलला की एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि पॉलिप वाढला असं समजून नसती धावपळ होते.