अंगणवाडी दुपारी सुटते, आई संध्याकाळी येते

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय जरा भारदस्त छापलाय: ‘बालसंगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षणाचे धोरण आणि अल्प उत्पन्न गट’. त्याला धरूनच बोलणार आहे, पण माझा मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकते. गरीब घरातल्या लहान मुलाचं वजन आपण मोजलं, उंची मोजली, आहार मोजला, लशी मोजल्या. त्याच्या आईच्या कामाचे तास मात्र कुठल्याच धोरणानं मोजले नाहीत. अंगणवाडी चार-साडेचार तास चालते. आई आठ-दहा तास घराबाहेर असते. मधले जे तास उरतात, ते कुणीतरी भरून काढतंच. कोण, ते सांगायला मी आलेय.

एक विचारू? इथं किती जणांकडे धुण्याभांड्याला किंवा स्वयंपाकाला मावशी येतात? हात वर करा. बरेच आहेत की! आता असं करा, त्या मावशींचं धाकटं मूल या घडीला कुठं आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच हात वर ठेवा. बघा, दोनच राहिले. त्या दोघींचं मनापासून कौतुक आहे मला. बाकीच्यांनी उद्या सकाळी विचारा, मावशी आनंदानं सांगतील. आजवर त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

मी मुख्यसेविका होते. एका बीटमधल्या अंगणवाड्यांची देखरेख माझ्याकडे असायची. त्यातली एक अंगणवाडी शहराला लागून असलेल्या वस्तीत, भाड्याच्या खोलीत भरायची. तिथं तीन वर्षांचा एक मुलगा यायचा आणि त्याला घ्यायला रोज दुपारी दोनला त्याची बहीण यायची. शाळेच्या गणवेशात. मला पहिल्यांदा वाटलं, हिची शाळा सकाळची असेल. मदतनीस म्हणाली, “नाही ताई, दुपारची आहे. बाराला भरते, पाचला सुटते.”

म्हणजे पोरगी शाळेतून उठून येत होती.

मी तिच्या शाळेत गेले. वर्गशिक्षिका भली होती. तिनं हजेरीपट पुढं केला. मुलीच्या नावापुढं बहुतेक सगळे दिवस हजर. अगदी बरोबर, कारण हजेरी शाळा भरताना होते. मधल्या सुट्टीत पोरगी दप्तर तिथंच ठेवून निघायची, भावाला अंगणवाडीतून घरी न्यायची, चारला आई आली की त्याला तिच्या हवाली करायची. तोवर शाळेचा दिवस संपत आलेला. दप्तर मैत्रीण घरी आणून द्यायची. गणिताचा तास होता सुट्टीनंतर. मी तिची गणिताची वही मागून घेतली. सुवाच्य अक्षर, वर तारीख, उजवीकडे समास आखलेला. उदाहरणं सगळी उतरवलेली, मैत्रिणीच्या वहीतून. आणि खाली उत्तराची जागा कोरी. पान उलटलं, तेच. पुढचं पान, तेच. चौथीतली मुलगी, कागदावर पूर्ण हजर आणि भागाकार एकदाही समोर बसून न शिकलेली.

आता यात चूक कुणाची? शिक्षिकेनं आधीच एक वाट काढून पाहिली होती. भावाला वर्गात मागं बसू दिलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे मूल कुठल्या पटावर आहे? कुठल्याच नव्हतं. मग ते बंद झालं. मी आमच्या सेविकेला गळ घातली की त्या पोराला दोन तास जास्त ठेव. तिनं ठेवलंही, एक पैसा न घेता. पण खोलीचा मालक तीनला कुलूप लावायला यायचा. शिवाय सेविकेला गृहभेटी, सर्वेक्षण, मासिक बैठक. आईला म्हटलं, एखादं घर कमी करता येईल का? ती पाच घरी काम करायची. ती म्हणाली, “एक घर सोडलं की खोलीचं भाडं जातं, बाई.” प्रत्येक जण आपापल्या जागी नियमानं वागत होता आणि सगळे नियम मिळून त्या पोरीच्या अंगावर येत होते. पाचवीला शाळा लांब होती. ती गेली नाही.

आमच्या दफ्तरी त्या अंगणवाडीचं काम उत्तम होतं, हेही सांगते. पोरगा वजनात चांगला, लसीकरण पूर्ण. शाळेच्या दफ्तरी मुलगी हजर. दोन खाती, दोन्हीकडे सगळं आलबेल.

ओघानं आलंय तर फोनचंही बोलते, कारण माझ्या सेविकांनी मला सोडलं नसतं. आता नोंदींसाठी फोनवर पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी ॲप आहे. घरी न्यायच्या आहारासाठी, म्हणजे टीएचआरसाठी, लाभार्थीचा चेहरा जुळवायचा, नोंदणीला ओटीपी घ्यायचा. ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा असतो साइटवर. बाई दारात, पाकीट सेविकेच्या हातात आणि मधे सहा आकडे. सेविकेचा जो वेळ मुलांना गाणी-गोष्टी सांगण्यात जायला हवा, तो रेंज शोधण्यात जातो. नोंदी नकोत असं मी म्हणत नाही, आयुष्यभर नोंदीच तपासल्या मी. पण चार तासांतला तासभर त्यात गेला, तर बालशिक्षणाला उरलं किती?

तर हे मधले तास. हा काही आजचा प्रश्न नाही. मुंबईत गिरण्या भरभराटीला होत्या तेव्हा कामगार बायका पाळीवर जाताना तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन निजवायच्या. बाळगोळी म्हणायचे तिला. त्या आया निर्दय नव्हत्या. भोंगा वाजायच्या आत फाटकात पोचायचं होतं आणि बाळाला ठेवायला माणूस नव्हतं.

आणि याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडलं होतं, याची मला सगळ्यात जास्त हळहळ आहे. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणूकडच्या बोर्डीला गेल्या. बालवाडी काढली. आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. आपण काय केलं असतं? पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असा शेरा मारला असता. ताराबाई पाड्यावर गेल्या आणि अंगणातच वर्ग मांडला. बरं, मोठी मुलं तरीही येईनात. कारण कुणी गुरं राखतंय, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. तर गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, गुरं चरतील तिथं शाळा. आणि कडेवरच्या भावंडांसाठी पुढं कोसबादच्या टेकडीवर विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एका आवारात. थोरली बहीण धाकट्याला घेऊन येणार, त्याला पाळणाघरात सोडणार आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसणार. मघाच्या पोरीला नेमकं हेच हवं होतं. तिच्या कितीतरी आधी ते करून दाखवलेलं होतं, अडीच-तीनशे किलोमीटरही लांब नाही.

मग २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरुवात झाली. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. फार मोठं काम झालं या योजनेनं. मी त्यातच वाढले, मला तिचा अभिमान आहे. तेव्हा समोर कुपोषण आणि बालमृत्यू होते, साहजिकच आहार पुढं आला. पण त्या सहांत पाळणाघर नव्हतं. अंगण घेतलं आणि पाळणा कोसबादलाच राहिला.

पाळणाघराचे कायदे नाहीत असं नाही हं. १९४८ च्या कारखाना कायद्यानं तीसहून जास्त स्त्रिया असतील तिथं पाळणाघर सांगितलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून जास्त स्त्रियांची अट घातली. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा सुधारला. रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आलं. तिथं निदान स्त्री-पुरुष सगळे मोजले. एरवी बायका मोजून खर्च लावला की मालक बायकाच कमी घेणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आता हे कायदे नव्या कामगार संहितांमध्ये गेले, पण पन्नासचा उंबरठा आहेच. घरकाम करणारी बाई पाच घरी जाते. प्रत्येक घरात कर्मचारी किती? एक. भाजी विकणारी, कचरा वेचणारी, घरी बसून बिड्या वळणारी, यांच्यापैकी कोण कुठल्या पन्नासात बसते?

आणि ऊसतोड. बीडकडची मंडळी असतील इथं, त्यांना ठाऊक आहे. तिथं मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकरी करून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, आणि हिशेबात ती अर्धा कोयता. जी कामगार म्हणून मोजलीच जात नाही, तिच्यासाठी पाळणाघर कुठल्या कलमाखाली मागायचं? शाळकरी मुलांना गावात मागं ठेवायला हंगामी वसतिगृहं आहेत. सहाच्या आतलं मूल आईबरोबर जातं, फडाच्या बांधावर पाचटावर झोपतं. त्याला सांभाळायला मग थोरलीलाही न्यावं लागतं. म्हणजे वसतिगृह आहे, पण तिची जागा रिकामी. गावातल्या अंगणवाडीच्या पटावर धाकट्याचं नाव असतं, पुढं ‘स्थलांतरित’ असा शेरा.

एकाच कायद्यानं सरळ विचार केला होता. २००५ चा रोजगार हमी कायदा. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, की एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरीच्या दरानं पैसे द्यायचे. त्यानं मुलं मोजली! पाच मुलं दिसली की सोय झाली पाहिजे, मालक कोण, आस्थापना कोणती, हे प्रश्नच नाहीत. अंमल किती कामांवर झाला ते इथल्या रोजगार हमीवर गेलेल्या बायकाच सांगतील, पण मोजायची रीत बरोबर होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात, मी सातात आवरते. धोरण काय असावं हा खरा जाहीर केलेला विषय, तो आता भराभर घ्यावा लागणार.

पहिली गोष्ट, हक्काची. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं होती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं सहा ते चौदाला मूलभूत हक्क मिळाला आणि सहाच्या आतल्यांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढंच उरलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही अकराव्या कलमात तीन ते सहा वयाची सोय सरकार ‘करू शकेल’. २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं, पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून. पाया तिसऱ्या वर्षी आणि हक्क सहाव्या वर्षी, हे जुळत नाही. सधन घरातलं मूल ती तीन वर्षं नर्सरी-केजीत काढून पहिलीत येतं. मग पहिलीतल्या बाई दोन मुलांना एकाच फुटपट्टीनं मोजतात.

दुसरी, पैशाची. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र ९० टक्के द्यायचं. २०१७ पासून ते ६० झालं, राज्यावर ३० आलं, आणि त्यानंतर पाळणाघरं भराभर बंद पडली. २०२२ मध्ये ‘पालना’ आली, त्याच अंगणवाडीला जोडून पाळणाघर, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, सहा महिन्यांच्या बाळापासून. हे फार चांगलं आहे, मला हवं ते नेमकं हेच. पण लक्ष्य देशभरात १७ हजारांचं आणि अंगणवाड्या सुमारे १४ लाख. ऐंशीत एक.

तिसरी, माणसांची. तास वाढवायचे तर त्याच सेविकेच्या डोक्यावर नव्हे. तिला अजून पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये मिळाली. ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस आमच्या बायका संपावर होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. दुसरं माणूस द्या. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास झाला. काहींत फक्त बालशिक्षणासाठी अर्ध्या दिवसाची एक जास्तीची कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि अंगणवाडीत टिकलेल्या मुलांचं कुपोषणही कमी झालं. एक अर्धवेळ बाई वाढवून दोन्ही साधलं.

चौथी, जागेची. शाळेच्या आवारात अंगणवाडी आणि पाळणाघर हलवा, जिथं खोली रिकामी असेल तिथं. पटसंख्या घटल्यामुळं रिकाम्या खोल्या आहेत, तुम्हीही पाहिल्यात. आणि फडावर, वीटभट्टीवर, बांधकामावर हंगामापुरतं फिरतं पाळणाघर. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच ते सुरू केलं, पुढं मुंबई-पुण्यातही आलं. त्यामुळं जमत नाही असं कुणी म्हणू नये.

शेवटचं, आणि याला पैसाही लागत नाही. अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या नोंदवहीत कुटुंबाची कितीतरी माहिती आम्ही भरतो. आई कामाला किती वाजता निघते, किती वाजता परतते आणि तेवढ्या वेळात मूल कुणापाशी असतं, हे तीन रकाने त्यात नाहीत. तेवढे वाढवा. इथं जिल्हा परिषदेचे सदस्य बसलेत, मघापासून लिहून घेतायत, त्यांना माझी विनंती आहे की हा ठराव येत्या सभेत मांडावा. मसुदा मी लिहून आणलाय, पिशवीत आहे, जाताना देते.